संथपणाची बाजू

सावेडीतल्या मित्राच्या घरी ‘मानवत मर्डर्स’ लावली होती. तिसऱ्या भागात त्याचा मुलगा उठला, “काका, खुनी सापडला की हाक मारा!” त्याची आई मात्र पडद्यासमोरून हलली नाही, हातातला चहा गार होऊन गेला.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतमधल्या १९७२ पासूनच्या हत्या आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींचा तपास सांगणारी ही मालिका २०२४ मध्ये आली. आमच्या वाचकांतही तिच्यावरून असेच दोन तट पडले आहेत. कुणाला ती रटाळ वाटते, कुणाला अस्सल.

असा संथपणा नवा नाही. डेन्मार्कच्या ‘द किलिंग’ मालिकेने २००७ मध्ये एका मुलीच्या खुनाचा तपास २० भागांत मांडला, एक भाग म्हणजे एक दिवस. त्यात तपासाइतकीच जागा तिच्या आईवडिलांच्या दुःखाला मिळाली.

मी या संथपणाच्या बाजूने आहे. २०१६ मध्ये कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने आपला जिल्हा हादरला. पुढच्याच वर्षी कोर्टाचा निकाल लागला, पण घरातली रिकामी जागा निकालाने भरत नाही. ती जागा दाखवायला कथेला थांबावेच लागते.

या अंकात दोन्ही बाजूंचे लेख आहेत. वाचा आणि आपले मत जरूर कळवा.

– संपादक