हुकमाबाहेरचा सोबती

आपल्या दवाखान्यांत बसेंजी जातीचा कुत्रा क्वचितच येतो. पण येतो तेव्हा मालकाची फिर्याद बहुधा एकच असते, की हाक मारली असता तो वळून पाहतो, क्षणभर थबकतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. आणि ही फिर्याद जशीच्या तशी दाखल करून घेऊन त्या प्राण्याच्या माथी अवज्ञेचा कसूर मारणारे व्यवसायबंधू आम्ही पाहतो, तेव्हा मनस्वी वाईट वाटते.

काँगो खोऱ्याच्या निबिड अरण्यात शिकारी या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधून त्यास रानात सोडतात; तो दिसत नाही, घंटा तेवढी ऐकू येते, आणि सावज उठवून वाघुरीकडे लोटताना कोठे वळावे, कोठे दबा धरावा, याचा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. धन्याच्या इशाऱ्यासाठी खोळंबणारे कुत्रे तेथे काय कामाचे? ज्या गुणासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला, त्याच गुणाबद्दल त्याला साखळीचे हिसके देणे हा अन्याय होय. माळावर सशामागे सुटलेला आपला कारवानी कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. खाऊ देऊन घेतलेला लहानसा धडा बसेंजी आनंदाने शिकतो. तोच पुनःपुन्हा घोकवला की त्याचे मन उडते. उघड्या जागी मात्र त्यास मोकळा सोडू नये, हे मालकास निक्षून सांगावे.

त्याच्या देहाचेही नियम निराळे. तो सहसा भुंकत नाही, चढउतारांचा लांब सूर काढतो. मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. परंतु खरी सावधगिरी हवी ती फँकोनी विकाराबाबत. मूत्रपिंडातील नलिकांची साखर व क्षार परत शोषून घेण्याची शक्ती त्यात क्षीण होते, प्राणी सारखा पाणी पितो, वाळत जातो, आणि लघवीत साखर दिसताच मधुमेहाचा शेरा मारून इन्सुलिन सुरू करण्याचा मोह होतो. रक्तातील साखर पाहिल्यावाचून तसा शेरा कदापि मारू नये. या विकारात ती प्राकृतच असते.

हा विकार आनुवंशिक, आणि आफ्रिकेबाहेरची बहुतेक पैदास मूठभर जनावरांपासून झालेली, म्हणून अमेरिकेतील केनेल क्लबाने १९९० साली आपले वंशनोंदीचे दप्तर आफ्रिकेतून नव्याने आणलेल्या कुत्र्यांसाठी खुले केले. आता या विकाराची जनुकीय चाचणीही उपलब्ध आहे. तिचा दाखला हाती आल्यावाचून जोडा लावण्यास आपण संमती देऊ नये, आणि तीन वर्षांपुढील प्रत्येक बसेंजीची लघवी दरमहा पट्टीने तपासण्याचे काम मालकास शिकवून ठेवावे.