बारा तास कुणाच्या घड्याळाचे?



३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा म्हणून. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे! मंदीत फाटकाबाहेर रांग लागलेली असताना आतली बाई ‘नाही’ कशी म्हणणार? २०२० साली टाळेबंदीचे निमित्त करून गुजरात सरकारने १२ तासांचा आदेश काढला, जादा तासांचा दुप्पट दरही नाकारला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

तेव्हा विरोध करायलाच हवा. पण भंडारा जिल्ह्यात बसून बोलताना डोळ्यांपुढे येतात त्या विड्या वळणाऱ्या बाया. त्यांच्या दिवसाला तासच नाहीत. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, संध्याकाळी ७ नंतर बाईला कामावर ठेवायला बंदी केली होती. पण हे सारे कारखान्याच्या आवारापुरते. विडी वळली जाते घराच्या ओसरीत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदाही नव्या श्रमसंहितेत विरून गेला.

मजुरी हजार विड्यांवर. तेंदूची पाने भिजवणे, कापणे, शेवटी कट्टे बांधणे, याचा वेगळा हिशेब नाही. कापायला बहुधा शाळेतून आलेली मुलगीच बसते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी आला. धंदा बसला की कंत्राटदार पाने कमी देतो, तीही फाटकी. हजार भरायला जास्त वेळ लागतो, छाट जास्त निघते, दर तोच. मग रात्री चूल विझल्यावर पुन्हा सूप मांडीवर. घरी बसून काम, म्हणजे आराम, असे आपल्याच काही कार्यकर्त्यांनाही वाटते, हे दुःखाने लिहिते.

म्हणून नुसती ‘बारा तास नकोत’ ही घोषणा इथे पुरत नाही. गटागटाने वह्या घाला. पाने भिजवल्यापासून कट्टे मोजून देईपर्यंत हजार विड्यांना किती तास लागतात ते लिहा, मुलीचे तास वेगळे लिहा. हजाराचा दर त्या तासांवरून ठरवा, ही मागणी त्या वह्या घेऊनच कामगार आयुक्तांपुढे मांडता येईल.