वाटाड्याविना नाणेघाट

१/१४
कल्याणहून माळशेजकडे जाणारी एस.टी. वैशाखरे गावापाशी थांबते. दोन मित्र पाठीवरच्या सॅक सावरीत उतरतात आणि समोरच्या कड्याकडे पाहतात. सोबत वाटाड्या नाही. तो मुद्दामच घेतलेला नाही. आपली वाट आपण शोधावी, सातवाहनांचे अवशेष आपल्याच डोळ्यांनी पाहावेत, अशी त्यामागची उमेद. ही उमेद कितपत योग्य, हे तपासण्यासाठी नाणेघाटाहून चांगले ठिकाण नाही.

२/१४
प्रथम घाटाचे प्रयोजन ध्यानात घ्यावे. सोपारा आणि कल्याण ही कोकणातील बंदरे, घाटमाथ्यावरचे जुन्नर, आणि त्यापलीकडे सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण आणि पैठण या तिन्ही ठिकाणांची नावे येतात. समुद्रावर उतरलेला माल देशावर चढवायचा, तर सह्याद्रीची भिंत ओलांडणे भाग होते. नाणेघाट हे त्या भिंतीतले दार.

३/१४
या दाराची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट जाणवते. कातळात खोदलेल्या पायऱ्या, वाटेत पाण्याची टाकी (प्राचीन लेखांत यांनाच 'पोढी' म्हटले आहे), आणि माथ्यावर विसाव्याला गुहा. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्यालाही पाऊल कुठे टाकावे आणि पाणी कुठे मिळेल हे दगडच सांगत असे. म्हणजे वाटाड्याविना चढणाऱ्या त्या दोन मित्रांनी परंपरा मोडलेली नाही. घाट अशाच पांथस्थांसाठी घडवलेला आहे.

४/१४
कोरड्या ऋतूत दोन-अडीच तासांत ते माथ्याजवळच्या गुहेत पोहोचतात. तिथे खरी कसोटी लागते. आत गारवा आहे, तिन्ही भिंतींलगत बसण्याचे ओटे आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर झिजलेल्या अक्षरांच्या ओळी दिसतात. मागच्या भिंतीवर काही पावलांच्या खुणा आहेत, बाकी सारे तुटलेले. तयारी नसेल तर हा सोहळा दहा मिनिटांत आटोपतो. एक छायाचित्र निघते, आणि पावले नानाच्या अंगठ्याकडे वळतात.

५/१४
त्या दहा मिनिटांत काय हातचे निसटते? भिंतींवरचा लेख प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात. पहिल्या सातकर्णीची राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, हिच्याशी तो जोडला जातो. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून लेख सुरू होतो. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांची नोंद आहे. सातवाहन सत्तेच्या आरंभकाळाविषयी बोलणारा याच्या तोडीचा दुसरा लेख शोधून सापडत नाही.

६/१४
आणि ती पावले? मागच्या भिंतीवर आठ व्यक्तिप्रतिमा होत्या. वर कोरलेल्या नावांपैकी सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन ही वाचता आली आहेत. एका राजघराण्याने वर्दळीच्या घाटाच्या तोंडाशी आपली ओळख नावानिशी उभी केली होती. शरीरे गेली, नावे राहिली. महारठी हा राणीचा पिता मानला जातो. माहेरच्या माणसाला सासरच्या राजांच्या ओळीत स्थान मिळाले, हे विशेष.

७/१४
दानांच्या यादीत आणखी एक ठेवा आहे. वस्तूंच्या नावांपुढे जी चिन्हे येतात ते अंक आहेत, आणि भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांत त्यांची गणना होते. इथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांचा पूर्वेतिहास सांगताना गणिताच्या इतिहासकारांना या गुहेशी थांबावेच लागते.

८/१४
हे सारे कळले कसे, यातच मूळ प्रश्नाचे उत्तर दडले आहे. १८२८ मध्ये कंपनी सरकारच्या सेवेतील विल्यम साइक्स याने या लेखाकडे लक्ष वेधले. तेव्हा ब्राह्मी लिपी वाचता येणारा एकही माणूस हयात नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली ती १८३७ मध्ये. तरीही साइक्सने अक्षरे उतरवून घेतली. जे कळत नाही तेही नीट पाहावे आणि जसेच्या तसे टिपावे, एवढेच त्याच्या हाती होते. तेवढे त्याने केले.

९/१४
पुढचा मान पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. १८३९ मध्ये जुनागढ येथे जन्मलेल्या या माणसापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. प्रिन्सेपने सिद्ध केलेली वर्णमाला हाती घेऊन त्यांनी गिरनारच्या पायथ्याचे लेख वाचण्याचा अभ्यास सुरू केला. पुढे मुंबईत भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून लेख गोळा केले. नाणेघाटातील अंकांवरचा त्यांचा निबंध १८७०च्या दशकातला. ब्यूलरने १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालात या लेखाचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. उत्तरायुष्यात भगवानलालांना हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

१०/१४
गिरनारच्या शिळेपुढे उभ्या राहिलेल्या त्या मुलापुढे कोणी वाटाड्या चालत नव्हता. पण तो एकटाही नव्हता. त्याच्या हाती प्रिन्सेपची वर्णमाला होती. वाटाड्या म्हणजे पुढे चालणारा माणूसच असे नव्हे. घरी वाचलेला निबंध, वहीत उतरवलेला लेखाचा पाठ, नावांचा क्रम, हेही वाटाडेच. जो यांना सोबत घेतो त्याने माणूस न घेतला तरी चालेल. जो दोन्ही घरी ठेवून निघतो, त्याच्या धाडसाला केवळ चढण उरते.

११/१४
उलट बाजूही मांडायला हवी. सोबत आलेल्या माणसाची प्रत्येक कथा इतिहास असतेच असे नाही. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाते. गुहेतला मोठा लेख मात्र यज्ञ आणि दान यांविषयी बोलतो, जकातीविषयी नव्हे. तर्क म्हणून रांजणाची कथा ऐकावी. पुरावा म्हणून ती पुढे सांगू नये. हा भेद करण्याची सवय वाटाड्याविना जाणाऱ्याला अधिक लवकर लागते, कारण त्याला तयार उत्तर देणारे कोणी नसते.

१२/१४
पण याचा अर्थ घाटघरच्या माणसाला कमी लेखणे असा होऊ नये. कोणत्या टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, ढग दरीतून कधी वर चढतात, शेवाळलेल्या पायरीवर पाय कसा टाकावा, हे ज्ञान कोणत्याही निबंधात नाही. शेजारच्या जीवधनावर नाणेघाटाच्या बाजूने जाणारी वाट एका ठिकाणी उभ्या कातळावरून चढते. तिथे नवख्यांनी गावातला जाणकार घ्यावा आणि त्याच्या श्रमाचे मोल विनातक्रार द्यावे. पावसाळ्यात दाट धुके उतरते, तेव्हा घाटासाठीही हाच नियम.

१३/१४
केवळ दोघांनीच जाण्याचा धोका वेगळा आहे. एकाचा पाय मुरगळला, तर दुसऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात: मित्राला एकटे सोडून मदत आणायला जाणे, किंवा मदतीविना त्याच्याजवळ बसणे. म्हणून परतीची वेळ घरी सांगून निघावे, दिवस हाताशी ठेवून उतरावे, आणि न झेपणारी वाट लाज न बाळगता सोडावी. इतिहासाच्या आवडीला अपघाताचे गालबोट लागले की पुढच्या दहा जणांची वाट घरूनच अडते.

१४/१४
मात्र लेख पाहायला दोघे असणे फार सोयीचे. एकाने वहीतला पाठ मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने भिंतीवर अक्षर शोधावे. मग अदलाबदल करावी. दोघांचे मत जुळले नाही तर तो मतभेद लिहून घरी न्यावा आणि ग्रंथाशी ताडून पाहावा. भिंतीला हात लावू नये, खडूने अक्षरे ठळक करू नयेत, आणि सिमुकाच्या नावाखाली स्वतःचे नाव कोरण्याचा करंटेपणा तर करूच नये. साइक्सला ओळ कळत नव्हती, तरी त्याने ती जशीच्या तशी पुढच्या वाचकासाठी टिपून ठेवली. वाटाड्याविना गेलेल्या दोन मित्रांनी संध्याकाळी घाट उतरताना एवढे साधले असेल, तर त्यांची वाट चुकली नाही.