कागदावर न लिहिलेली किंमत

बंगळुरूतल्या एखाद्या मराठी घरात सहज घडू शकेल असा हा प्रसंग. मुलगा पस्तिशीचा, व्हाइटफील्डमधल्या कंपनीत संगणक अभियंता. कॉलेजात असल्यापासून त्याला वेगवान गाड्यांचे वेड. रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या पाहून आपलीही अशी एक असावी, हे त्याचे जुने स्वप्न. एका परदेशी कंपनीने आपल्या गाडीची खास आवृत्ती मोजक्या संख्येने भारतात आणली, पण तो बुकिंगला पोहोचेपर्यंत सगळ्या गाड्या संपल्या होत्या. आठवडाभराने शोरूममधून फोन आला.

"सर, एक बुकिंग कॅन्सल झालंय. गाडी तुम्हाला मिळेल. फक्त चार लाख वर द्यावे लागतील. आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मुलाचा चेहरा उजळला. चार दिवसांसाठी पुण्याहून आलेले वडील मात्र वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "अरे, हा तर ऑन झाला! आमच्या वेळी स्कूटरवर असायचा."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आणि हे चार लाख आणायचे कुठून? छकुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडायची का?"

प्रश्न एका घरापुरता नाही. हौसेची वस्तू थोडी आणि घेणारे पुष्कळ असले, की छापील किमतीच्या वर आणखी एक किंमत उभी राहते. ती देणे शहाणपणाचे आहे का, हे ठरवायचे तर ती कुठून येते आणि कुठे जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

वडिलांच्या काळातला ऑन

आज साठी ओलांडलेल्या मंडळींना 'ऑन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सरकारने १९५९ मध्ये मोटारगाड्यांच्या आणि १९६० मध्ये स्कूटरच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण आणणारे आदेश काढले. कारखान्यांनी किती उत्पादन करायचे, हेही परवान्याने ठरत असे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. नंबर लागला की काही जण गाडी स्वतः वापरण्याऐवजी ती दुसऱ्याला देऊन वरचे पैसे खिशात घालत. जावयाला स्कूटर कबूल केलेल्या वधूपित्याला हा ऑन मोजताना घाम फुटत असे.

मारुती आली तेव्हाही हेच घडले. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. गाडीची किंमत ५० हजारांच्या आसपास होती आणि नोंदणी करणाऱ्यांची रांग लांबलचक. साहजिकच मारुतीवरही ऑन बोलला जाऊ लागला.

१९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरची परवाना पद्धत उठली. नवनव्या कंपन्या आल्या, उत्पादन वाढले आणि सर्वसाधारण गाड्यांवरचा ऑन हळूहळू नाहीसा झाला. उलट दिवाळीला सवलतींच्या जाहिराती झळकू लागल्या. ऑनला जागा उरली ती फक्त जिथे गाड्या थोड्या आहेत तिथे. खास आवृत्तीच्या वेगवान गाड्या नेमक्या या कोपऱ्यात बसतात.

टंचाई खरी किती?

या गाड्या थोड्या का असतात, यालाही कारण आहे. भारतात नवी गाडी विकायची तर येथील चाचण्या पार करून मान्यता घ्यावी लागते. ते काम खर्चाचे आणि वेळखाऊ असते. मात्र परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या वर्षाला २,५०० पर्यंत या चाचण्यांविना पूर्ण तयार स्थितीत आयात करण्याची मुभा कंपन्यांना आहे. खपाची खात्री नसलेली महागडी गाडी कंपनी याच वाटेने आणते आणि तीही जपून.

फोक्सवॅगनने मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ही गाडी ५३ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली. पहिल्या तुकडीत १५० गाड्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस आणली. किंमत ४९ लाख ९९ हजार, गाड्या फक्त १००. दोन्ही तुकड्या आगाऊ नोंदणीतच संपल्या. १०० किंवा १५० गाड्या देशभरात वाटल्या, तर एकेका शहराच्या वाट्याला किती येणार?

म्हणजे टंचाई अगदीच खोटी नसते. पण "आज संध्याकाळपर्यंत सांगा" ही घाई मात्र बहुतेक वेळा शोरूममध्येच तयार होते. शिवाय गाड्या मोजक्या आहेत म्हणून त्यांचा भाव टिकेलच, असेही नाही. फोक्सवॅगनचेच जुने उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने पोलो जीटीआय आणली. भारतासाठी फक्त ९९ गाड्या आणि किंमत २५ लाख ६५ हजार. गाडी वेगवान होती, परंतु दोनच दरवाजे आणि पोलोसारखेच रूप. एवढे पैसे मोजणारे लवकर पुढे आले नाहीत. पुढच्याच वर्षी किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणावी लागली. ज्यांनी घाईने आधी घेतली, त्यांचे साडेपाच लाखांहून अधिक रुपये केवळ घाईपोटी गेले.

बंगळुरूतले गणित

बंगळुरूच्या ग्राहकाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कर्नाटकाचा वाहनकर देशातील सर्वांत जड करांपैकी एक आहे. २० लाखांहून महाग गाडीवर १८ टक्के आजीवन कर आणि त्या करावर पुन्हा उपकर. ५३ लाखांच्या गाडीवर ही रक्कम साडेदहा लाखांच्या घरात जाते. त्यात विमा मिळवला की गाडी रस्त्यावर येईपर्यंत आकडा ६५ लाखांच्या आसपास पोहोचतो. एवढ्या मोठ्या आकड्यात वरचे ३-४ लाख सहज दडून जातात. "एवढे दिलेत, आता थोड्यासाठी कशाला अडायचं?" असे ग्राहकच स्वतःला समजावतो.

कराचा हा बोजा चुकविण्यासाठी काही जण दुसरीच वाट धरतात. ते गाडीची नोंदणी परराज्यात करतात. महाराष्ट्रात वाहनकराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती आणि १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. कोट्यवधींच्या गाडीला हे स्वस्त पडते. पण जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत महाराष्ट्राच्या नंबरची एक फेरारी परिवहन अधिकाऱ्यांनी अडवली आणि मालकाला कर व दंडापोटी सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये भरावे लागले. तेव्हा "गाडी कोल्हापूरला पास करून देतो" असे कोणी सुचवले, तर कानावर हात ठेवावेत हे उत्तम.

वरचे पैसे कुठे लपतात?

"चार लाख ऑन" असे बिलावर कोणी लिहीत नाही. ही रक्कम निरनिराळ्या नावांनी येते. सर्वांत जुने नाव म्हणजे हँडलिंग चार्जेस. डेपोतून गाडी आणणे, धुणे-पुसणे हा डीलरच्या धंद्याचाच भाग आहे. त्यासाठी ग्राहकाकडून वेगळी रक्कम घेऊ नये, असे काही राज्यांच्या परिवहन खात्यांनी डीलरांना बजावलेले आहे. दुसरे नाव अ‍ॅक्सेसरीजचे. पायपुसण्या, सीट कव्हर, रंगावरचा लेप यांचा संच घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असे सांगितले जाते. तिसरी जागा विम्याची. विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे ठरविण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. तरीही शोरूमचाच विमा माथी मारला जातो आणि त्याचा हप्ता बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असू शकतो.

यांपैकी काहीच जमले नाही, तर उरते रोख रक्कम. येथे कायदा स्पष्ट आहे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रुपये रोखीने स्वीकारायला १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. म्हणजे ४ लाखांची रोख मागणी करणारा स्वतःच कायदा मोडत असतो.

घरच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बिलाबाहेर दिलेल्या पैशांना पुढे कोणी विचारत नाही. बँक कर्ज देताना बिलातली किंमत पाहते, म्हणून वरची रक्कम साठवलेल्या पैशांतूनच जाते. विमा कंपनी गाडीचे मूल्य ठरवते ते कंपनीने जाहीर केलेल्या किमतीवरून. नव्या गाडीच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत त्यातून ५ टक्के घसारा वजा होतो. ५० लाखांची गाडी चोरीला गेली, तर हिशेब साडेसत्तेचाळीस लाखांपासून सुरू होईल. वरच्या ४ लाखांचा त्यात पत्ताच नसेल. गाडी विकताना नवा मालक तरी ते पैसे देईल, ही आशा पोलो जीटीआयच्या पहिल्या ग्राहकांनाही असेलच.

इतरांनी काय केले?

हा रोग आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत चिकटवणे सक्तीचे झाले. पण ती फक्त सुचवलेली किंमत. शेजारी दुसरे लेबल लावून डीलर वरची रक्कम मागू शकतो. गाड्यांचा तुटवडा झाला तेव्हा ही मागणी इतकी वाढली, की २०२२ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांना आपल्याच डीलरांना ताकीद द्यावी लागली. फोर्डने तर आपल्या 'जीटी' या खास गाडीच्या ग्राहकांकडून दोन वर्षे गाडी न विकण्याचा करार लिहून घेतला होता. प्रसिद्ध कुस्तीपटू व अभिनेता जॉन सीना याने ती लवकर विकली, म्हणून कंपनीने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

जास्त किंमत घेणे नेहमीच वाईट असते, असेही नाही. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली. तिची सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार होती. पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा मात्र कंपनीने जाहीर लिलाव केला. बोली १ कोटी ११ लाखांवर गेली आणि ती रक्कम कोविड मदतकार्याला देण्यात आली. येथेही छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे दिले गेले, पण सर्वांसमक्ष, आणि ते कुठे गेले हेही सर्वांना कळले. ऑन आणि लिलाव यांत फरक असतो तो नेमका हाच.

सही करण्यापूर्वी

खास गाडी घ्यायचीच असेल, तर काही गोष्टी आधी कराव्यात. शोरूमकडून लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यात एक्स-शोरूम किंमत, वाहनकर, नोंदणी, विमा व इतर प्रत्येक रक्कम वेगळी मागावी. एक्स-शोरूम किंमत कंपनीच्या जाहीर किमतीशी ताडून पाहावी. विम्याचे दर आणखी दोन ठिकाणी विचारावेत. नको असलेल्या अ‍ॅक्सेसरीजवर काट मारावी. १० लाखांहून महाग गाडीवर १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो जास्तीचा आकार नसून आयकर विवरणात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी. बुकिंगची रक्कम परत मिळण्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वीच वाचाव्यात. अडवणूक झाली तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

पुन्हा त्या घराकडे वळू. मुलाने वडिलांचे ऐकून शोरूमला फोन लावला. "गाडी हवी आहे. चार लाखांसकट सगळं कोटेशनवर लिहून ई-मेल करा. मी आजच उत्तर देतो." पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग सेल्समन म्हणाला, "सर, ते लेखी देता येणार नाही. तुम्ही प्रत्यक्ष या, बसून बोलू."

मुलगा गेला नाही. त्या रात्री त्याला हळहळ वाटली, नाही असे नाही. पण छकुलीची एफडी जागच्या जागी राहिली आणि गाडीसाठी महिन्याला वेगळे पैसे टाकायचे घरात सर्वानुमते ठरले. पुढच्या तुकडीचे बुकिंग उघडेल तेव्हा तो छापील किमतीत नाव नोंदवणार आहे. मिळाली तर आनंद, न मिळाली तर नंदी हिल्सचा रस्ता काही कुठे पळून जात नाही.

हौसेला मोल नसते म्हणतात. नसेलही. पण जे मोल मागणारा कागदावर लिहायला कचरतो, ते देण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारावे.