जेट्टी उचलायची तारीख आधी लिहा

पाऊस चांगला झाला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर तेच रील फिरतं. येलदरीचे दरवाजे उघडलेत, पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय, मागे कुठलंतरी गाणं लावलंय. त्याखालच्या कमेंट्सही ठरलेल्या. ‘आपल्याकडे एवढं पाणी आहे, मग बोटिंग का नाही?’ कुणी लिहितं, ‘कोयनेला होतं, आपल्याला का नको?’ मग दोन-चार ‘हो ना यार’ येतात. दरवाजे बंद होतात आणि विषयही बंद होतो.

आज तो विषय थोडा पुढे नेऊ. समजा, उद्या खरंच कुणी प्रस्ताव आणला की सिद्धेश्वरच्या किंवा इसापूरच्या जलाशयात चार दिवसांचा बोटींचा महोत्सव भरवायचा. होड्या, कयाक, शिडाच्या बोटी, बॅटरीवरच्या बोटी बघायच्या, त्यांत बसायचं. त्यासाठी काठावर तात्पुरते तरंगते धक्के, म्हणजे जेट्ट्या, लावायच्या. प्रशासनाने परवानगी द्यावी का?

आमचं मत: द्यावी. पण जेट्टी लावायच्या तारखेच्या शेजारी ती उचलायची तारीख लिहिलेली असेल तरच.

आधी पाण्याकडे नीट बघू. येलदरीची भिंत जिंतूर तालुक्यात आहे, पण पाणी आपल्या सेनगाव तालुक्यापर्यंत पसरतं. त्याच पूर्णा नदीवर खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. पैनगंगेवरचं इसापूर कळमनुरी आणि पुसदच्या सीमेवर. उपयुक्त साठा बघाल तर येलदरीचा सुमारे ८१०, इसापूरचा सुमारे ९६४ आणि सिद्धेश्वरचा सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर. एवढं पाणी उशाला असताना आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही होडीत पाय ठेवलेला नाही. दुष्काळी जिल्हा म्हणून आपली ओळख सांगितली जाते आणि आपणही ती मान खाली घालून सांगतो.

तळेगाव रोही हे नाव ऐकलंय? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जायचा. सैन्यात भरती झाला, तिथे त्याच्या हातात वल्हं आलं, आणि २०१६ साली तो रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंग करत होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकही मिळालं. त्याला पाणी आणि बोट मिळाली ती सैन्यात गेल्यावर, गाव सोडून. आपल्याकडे पाणी आधीपासून आहे. नाही ती होडीपर्यंत जाणारी वाट.

जेट्टी म्हणजे नेमकं काय

तात्पुरती जेट्टी म्हणजे बहुतेक वेळा जाड प्लास्टिकचे पोकळ चौकोनी ठोकळे. ते एकमेकांत अडकवायचे, वरचा भाग पायाला घसरणार नाही असा ठेवायचा, खाली नांगर किंवा सिमेंटचे जड ठोकळे सोडून साखळीने बांधायचं. काठापासून तिथवर जायला एक हलता पूल. पाणी वाढलं की जेट्टी वर, उतरलं की खाली. खांब नको, काँक्रीट नको, तळ खोदायला नको. म्हणूनच समुद्रात, नदीत, तलावात जगभर ती वापरतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपली धरणं म्हणजे स्विमिंग पूल नाहीत. येलदरीच्या वीजगृहातून पाणी सुटलं की ते खाली सिद्धेश्वरमध्ये येतं. सिद्धेश्वरमधून कालव्याला पाणी सोडलं की इथली पातळी उतरते. महोत्सव भरवायचा तर हिवाळ्यात, आणि रब्बीच्या आवर्तनाचे दिवसही तेच. म्हणजे सकाळी पाण्यात असलेलं जेट्टीचं टोक चार दिवसांनी चिखलात टेकलेलं असू शकतं. ज्याला आवर्तनाचं वेळापत्रक माहीत नाही, त्याने तिथे जेट्टी लावूच नये.

वजनाचंही तसंच. जेट्टीवर माणसं सारखी पसरून उभी असतील तर ती स्थिर असते. समोरून एखादी भारी बोट आली आणि सगळे फोन काढून एकाच कडेला धावले की ती कड खाली जाते. कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजपुढे काय होतं ते आठवा. तेच पाण्यावर होणार.

काठ रिकामा नसतो

आता लोकांकडे बघू. आपण काठावर सेल्फी काढायला जातो, म्हणून तो रिकामा वाटतो. पण पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते. हरभरा, गहू, भाजीपाला. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना तोच आधार. पाण्यात मासेमारी संस्थांची जाळी असतात, आणि त्यासाठी त्यांनी रीतसर ठेका घेतलेला असतो. इसापूरच्या परिसरात अभयारण्य आहे आणि हिवाळा हा तर पाहुण्या पक्ष्यांचा मोसम. आणि सिद्धेश्वरचं पाणी हिंगोली शहराच्या नळाला येतं. तुम्ही सकाळी दात घासता ते पाणी.

म्हणून डिझेलचा धूर सोडणाऱ्या स्पीडबोटी इथे नकोत. हे मागासलेपणाचं बोलणं नाही. केरळमध्ये २०१७ पासून सौरऊर्जेवरची ‘आदित्य’ ही प्रवासी बोट चालते, आणि कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून बॅटरीवरच्या बोटींवर धावते. वल्ह्याची, शिडाची आणि बॅटरीची, एवढ्या तीन प्रकारांत आपला महोत्सव छान होईल. जाळी कुठे आहेत, खडक कुठे, ओढ्याचा जुना भाग कुठे, हे ज्यांना झोपेतही सांगता येतं, त्या भोई बांधवांना बाजूला सारून बाहेरच्या ठेकेदाराला काठ देऊ नका. त्यांना आधी विचारा, कामही आधी त्यांनाच द्या.

तात्पुरत्या धक्क्यावरून भांडण होणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत मायामीचा प्रसिद्ध बोट शो २०१६ साली व्हर्जिनिया की या बेटावर गेला, तिथल्या पाण्यात मोठाल्या तरंगत्या जेट्ट्या लावल्या गेल्या. शेजारच्या की बिस्केन गावाने जोरदार विरोध केला. वाहतूक कोंडी आणि उथळ खाडीतल्या जीवसृष्टीचं काय, हा त्यांचा सवाल होता. शो काही वर्षं तिथे झाला, पुढे पुन्हा मायामी बीचवर गेला. इकडे मुंबईत गेटवेजवळच्या रेडिओ क्लब जेट्टीचा वाद तर ताजाच आहे. ती जेट्टी कायमची आहे, पण मुद्दा आपल्या कामाचा आहे. रहिवासी कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दिला, मात्र अटी घातल्या. प्रेक्षागारासारखी जागा प्रवाशांना थांबण्यासाठीच वापरायची, कॅफेत बसून जेवणावळी नाहीत. म्हणजे कोर्टाने ‘हो’ म्हणताना जेट्टी कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हेही लिहून ठेवलं. आपल्याला हवा आहे तो असाच होकार.

‘चारच दिवस तर आहेत’

या विषयात सगळ्यात घातक वाक्य हेच. चारच दिवस तर आहेत, कशाला एवढे कागद?

वडोदऱ्याचा हरणी तलाव आठवतो? १८ जानेवारी २०२४. शाळेची सहल. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. ती काही चार दिवसांची सफर नव्हती, एका दुपारची होती. त्याच वर्षी २१ मे रोजी आपल्या राज्यात उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि ६ जण बुडाले. उजनी म्हणजे समुद्र नव्हे, आपल्या येलदरी-इसापूरसारखंच धरण. अथांग, दिसायला शांत, आणि दुपारनंतर वारा सुटला की ओळख न देणारं.

आपण हिंगोलीचे लोक तात्पुरत्या गोष्टी भरवण्यात कच्चे नाही. आपला दसरा महोत्सव बघा. मैदानावर प्रदर्शन उभं राहतं, आकाशपाळणे लागतात, गर्दी लोटते, आणि काही दिवसांनी मैदान पुन्हा मैदान होतं. आकाशपाळणा तपासल्याशिवाय फिरू नये, हे आपल्याला पटतं. मग पाण्यावरची जेट्टी तपासल्याशिवाय का तरंगावी?

यावर आयोजक म्हणतील, परवानग्या मागायच्या तरी किती? खरंय त्यांचं. धरण जलसंपदा विभागाचं, बोटींची नोंदणी आणि तपासणी सागरी मंडळाची, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, पक्षी वन विभागाचे, गर्दी पोलिसांची, आपत्ती जिल्हाधिकाऱ्यांची, आणि काठ ग्रामपंचायतीचा. सात दारं. एका दारात फाइल अडली की माणूस शेवटी म्हणतो, जाऊ द्या, करून टाकू गुपचूप. बेकायदा बोटिंग सुरू होतं ते असं. म्हणून आमची पहिली मागणी आयोजकांकडे नाही, प्रशासनाकडे आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज, एक खिडकी आणि उत्तराची ठरलेली मुदत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारणासह नाही म्हणा. फाइल झोपवू नका.

आणि परवानगीच्या कागदावर एवढं तरी हवं. जेट्टीवर एका वेळी किती माणसं, तो आकडा जेट्टीच्या तोंडाशी मोठ्या मराठी अक्षरांत. लाइफ जॅकेट नाही तर बोट नाही, मग तो आमदार असो की इन्फ्लुएन्सर. वारा किती वाढला की सगळं बंद, हे आधीच ठरलेलं, आणि बंद करायचा अधिकार आयोजकाला नाही तर बचाव पथकाला. जाळी आणि गाळपेर वाचवणारा नकाशा, मासेमारी संस्थेची सही असलेला. आणि शेवटी, अनामत रक्कम. जेट्टीचा शेवटचा ठोकळा, शेवटची दोरी, पाण्यात सोडलेला शेवटचा सिमेंटचा गोळा बाहेर निघाला आणि गावाने ‘काठ साफ आहे’ असं लिहून दिलं, तरच ती परत. तारीख चुकली तर जप्त.

ही शेवटची अट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी मुक्कामाला येतात. तात्पुरता मंडप, तात्पुरती टपरी, तात्पुरता बोर्ड. दोन वर्षांनी तोच कायमचा होतो आणि मग कोण हलवणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात. पाण्यात सोडून दिलेलं प्लास्टिक तर कुणाला दिसतही नाही. ते जाळ्यात अडकतं तेव्हा फक्त जाळं टाकणाऱ्याला कळतं.

‘आधी रस्ते करा, एसटी वेळेवर सोडा, मग बोटी आणा,’ असंही तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल. राग बरोबर आहे. पण रस्ता झाला की आपण काय करतो? बहुतेक त्याच रस्त्याने पुण्याला जातो. परत यावंसं वाटेल असं काहीतरी इथे असायला नको? गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. बोट चालवणं, बुडणाऱ्याला वाचवणं याचं प्रशिक्षण तिथे मिळतं. आपल्या जिल्ह्यातली दहा मुलं-मुली तिथून शिकून आली, तर पुढच्या महोत्सवाला बचाव पथक बाहेरून बोलवावं लागणार नाही. आणि ते पथक चार दिवसांपुरतं नसेल. गणेश विसर्जनालाही लागेल, पुरालाही लागेल.

राहिला तुमचा भाग. कॉलेजची सहल कुठल्याही धरणावर, तलावावर जाईल तेव्हा बोटीत चढण्याआधी दोनच प्रश्न विचारा: बोटीत किती जण बसू शकतात, आणि माझं जॅकेट कुठंय? उत्तर हसून टाळलं तर चढू नका. मित्र ‘घाबरट’ म्हणतील, म्हणू द्या. काठच्या गावात राहत असाल तर ग्रामसभेला जा आणि हा विषय तुम्हीच मांडा. उद्या कुणी महोत्सवाचं पोस्टर घेऊन आलं तर टाळ्या वाजवण्याआधी परवानगीचा कागद बघायला मागा. त्यावर जेट्टी लावायची तारीख असेलच. उचलायची आहे का, ते बघा.