शोकेस बैठकीत, डबा माळ्यावर

चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात गेलात तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. प्रत्येक पान्याची, प्रत्येक गेजची जागा ठरलेली असते. फळ्यावर हत्याराच्या आकाराची सावली रंगवलेली असते, त्यामुळे एखादा पाना जागेवर नसला तर लांबूनच कळतं. जमिनीवर पिवळे पट्टे असतात आणि ये-जा करायच्या वाटेत कुणी खोकं ठेवलं की सुपरवायझरचा आवाज चढतो. जपानी कारखान्यांतून आलेली ही पद्धत म्हणजे ‘फाइव्ह एस’. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके हे पाच शब्द इथल्या हजारो कामगारांना पाठ असतात. अर्थ साधा आहे: नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, स्वच्छ करा, ती रीत सगळीकडे सारखी लावा आणि पाळत राहा. तीच माणसं शिफ्ट संपवून घरी येतात तेव्हा दारातला चपलांचा ढीग, पॅसेजमधलं गव्हाचं पोतं आणि मोरीसमोरचा पाण्याचा ड्रम ओलांडून आत जातात.

हा टोमणा नाही. कारखान्याकडे जागा असते. चारशे चौरस फुटांत पाच माणसं राहणाऱ्या घराकडे ती नसते. पण कारखाने हे सगळं हौसेपोटी करत नाहीत. वस्तू चुकीच्या जागी असली की माणूस पडतो, पाठ धरते, हात सापडतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. घरातही नेमकं तेच होतं. फरक इतकाच की घरात अपघाताची नोंद ठेवणारं कुणी नसतं, आणि जखमी माणूस ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणत दवाखान्यात येतो.

पसाऱ्यावर हल्ली एकच सल्ला मिळतो: काढून टाका, कमी वस्तूंत राहा. मला तो अर्धवट वाटतो. आज टाकलेली वस्तू उद्या पुन्हा विकत घेणं ज्यांना परवडतं, त्यांचा तो सल्ला आहे. आपल्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. मग ड्रम टाकून द्यायचा कसा? मराठवाड्यातून, खानदेशातून इथे आलेल्या कुटुंबांकडे दरवर्षी गावाकडून ज्वारी-गहू येतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड येतात. ती पोती म्हणजे वर्षाची बेगमी असते आणि गावाशी असलेलं नातंही. सामान राहणारच आहे. ते कुठे राहील आणि तिथपर्यंत कुणाचा हात पोचेल, हे मात्र आपल्या हातात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: घरातली सगळ्यात मौल्यवान जागा म्हणजे कंबरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा. या उंचीवर वाकावं लागत नाही, टाचा उंचवाव्या लागत नाहीत, चढावं लागत नाही. आणि आपण हा पट्टा देतो कुणाला? बैठकीतल्या शोकेसला. काचेमागे शाळेतले कप, कधीच न वापरलेला डिनर सेट, लग्नात मिळालेली काचेची बदकं. रोज लागणारा तांदळाचा डबा मात्र ओट्याखाली कोपऱ्यात, आणि मोठी पातेली माळ्यावर.

आता माळ्याचं गणित बघा. आपल्याकडे माळा बहुधा दाराच्या चौकटीच्या वर, म्हणजे सुमारे सात फुटांवर असतो. भारतीय बायकांची सरासरी उंची पाच फूट. हात पूर्ण वर केला तरी बोटं सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतात. म्हणजे ज्या बाईला माळ्याची गरज सगळ्यात जास्त, तिला चढल्याशिवाय तो वापरताच येत नाही. मग प्लास्टिकचं स्टूल येतं. ते मिळालं नाही तर खुर्ची, आणि कधी कधी पलंगावर स्टूल. दोन्ही हातांत डबा, मान मागे टाकलेली, पायाखाली डुगडुगणारा आधार. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, कानाच्या आजाराने चक्कर येत असेल किंवा मोतीबिंदू असेल, तर अशा अवस्थेत तोल जायला क्षण पुरतो.

दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत हे हमखास दिसतं. माणूस पडताना हात टेकतो आणि मनगट मोडतं. ते सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर भागलं तर नशीब. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा खुबा मोडला तर मामला वेगळाच होतो: शस्त्रक्रिया, अंथरूण, त्यातून न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. चालती-फिरती आजी पुन्हा पूर्वीसारखी चालेलच असं सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वाधिक असतात.

माळ्याला पर्याय म्हणून आता घरोघरी पेटीचे पलंग आले आहेत. दिसतात छान. पण गादी उचलायची, प्लायवूडची फळी वर धरायची आणि कंबरेतून वाकून खालचं जड सामान ओढायचं, हे पाठीसाठी अगदी वाईट काम आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी ‘नायॉश’ ही संस्था वजन उचलण्याची मर्यादा २३ किलो सांगते. तीही ओझं अंगालगत, साधारण ७५ सेंटिमीटर उंचीवर आणि कंबर न वळवता उचलायचं असेल तर. जमिनीपासून, हात लांबवून उचलायचं असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते. त्यामुळे पलंगाच्या पेटीत गोधड्या, स्वेटर, पाहुण्यांच्या उशा असं हलकं सामान ठेवा आणि पावसाळ्यानंतर त्याला एकदा कडक ऊन दाखवा. दमट, बंद जागेत बुरशी वाढते आणि जुन्या कापसात धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. दम्याच्या मुलाला त्याच पलंगावर झोपवून आपण खोकल्याचं औषध बदलत बसतो.

आता पोत्यांविषयी, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून काही घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. ‘गावाकडं सगळेच टाकतात’ असं सांगितलं जातं. या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. गोदाम बंद करून, प्रशिक्षित माणसांनी वापरायचं हे औषध आहे. तेच पोतं पलंगाखाली, आणि दारं-खिडक्या लावून मुलं त्याच खोलीत झोपलेली! उलट्या, पोटदुखी, धाप, छातीत धडधड ही लक्षणं दिसतात आणि घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही खाण्यात आलं. अशा मृत्यूंच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आल्या आहेत. या विषावर उतारा नाही. लसूण किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास आला आणि घरात एकाहून अधिक माणसांना त्रास होऊ लागला, तर सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि धान्यात गोळ्या टाकल्या होत्या हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गहू कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरला तर या गोळ्यांची गरज पडत नाही. जागाच नसेल तर गावाहून निम्मंच धान्य आणावं आणि उरलेलं पुढच्या खेपेला.

सिंकखालचं कपाट ही अशीच एक जागा. लहान मूल रांगायला लागलं की त्याचा हात आधी तिथे पोचतो, आणि आपण तिथेच फिनाइल, ॲसिड, उंदरांची पेस्ट ठेवतो. त्यात आपल्या पट्ट्यात एक खास सवय दिसते. कंपनीतून आणलेलं थिनर किंवा ग्रीस काढायचं द्रावण शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायचं. मूल बाटली ओळखतं, आतला पदार्थ ओळखत नाही. रॉकेल किंवा थिनर पोटात गेलं तर उलटी काढू नका. ते फुफ्फुसात उतरतं. उंदरांच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर पहिल्या उलट्यांनंतर मूल दोन-तीन दिवस बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून ‘आता खेळतंय’ म्हणून घरी थांबू नका. माळ्यावर चढवायला खरी लायक वस्तू कुठली असेल तर ही: मूळ बाटलीत, लेबलासकट आणि कुलपात. शक्यतो अशी वस्तू घरात आणूच नये.

ड्रमबद्दल थोडंसं. तो राहणार, पण त्याला घट्ट झाकण हवं, आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून तो आतून घासायला हवा. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो; ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. गॅलरीतले रंगाचे रिकामे डबे, जुना कूलर, सायकलचा टायर यांचंही तेच. या वस्तूंच्या बाबतीत मात्र मी ‘काढून टाका’वाल्यांच्या बाजूने आहे. आणि दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर भरलेली बादलीही उघडी ठेवू नका. वीतभर पाण्यातही मूल बुडतं.

घरात मावलं नाही की सामान जिन्यात जातं: चपलांचं कपाट, सायकल, जुनी गादी. सोसायटीच्या सभेत यावरून भांडणं होतात, ती खुशाल होऊ देत. आग लागली की जिना धुराने भरतो आणि अंधारात सगळे त्याच वाटेने उतरतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधासाठी २००६चा स्वतंत्र कायदा आहे. पण आगीच्या वेळी सुटकेची वाट मोकळी हवी, हे समजायला कायदा वाचावा लागत नाही.

मग करायचं काय? एका रविवारी शोकेस रिकामं करा. घरात सगळ्यात कमी उंची कुणाची आहे ते पाहा. बहुतेक घरांत ती आजी असते. तिला भिंतीजवळ उभं करून कंबरेला आणि खांद्याला पेन्सिलीने खूण करा. या दोन खुणांच्या मध्ये रोजचे डबे, औषधं, चष्मा, टॉर्च आणि इस्त्रीचे कपडे यायला हवेत. औषधं गॅसजवळ किंवा न्हाणीघरात नकोत. उष्णता आणि ओलाव्याने ती खराब होतात. काचेची बदकं वर जाऊ देत, ती वर्षातून एकदाच पुसायची असतात. माळ्यासाठी रुंद पायऱ्यांची, घट्ट बसणारी छोटी शिडी घ्या. साठीपुढच्या माणसाने माळ्यावर चढायचं नाही हे घरात ठरवून टाका. कॉलेजात जाणारा मुलगा त्यासाठीच आहे. रात्री पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर काहीही ठेवायचं नाही, अगदी पायपुसणंसुद्धा सरकणारं नको. कारखान्यातले पिवळे पट्टे इथे मनातल्या मनात ओढायचे.

नवं फर्निचर करून घेणार असाल तर सुताराला छताची उंची सांगण्याआधी ही पेन्सिलीची खूण दाखवा. तो ‘वर अजून जागा निघते, साहेब’ म्हणेल. जागा निघते हे खरंच आहे. तिथे हात कुणाचा पोचणार, ते त्याला विचारा. आणि महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडीकडे भाड्याने खोल्या देणाऱ्या घरमालकांना एक विनंती. खोलीत भिंतीला साडेतीन-चार फुटांवर दोन मजबूत फळ्या बसवून द्या. खिळा ठोकायची परवानगी नसल्यामुळे चार-चार पोरांचं सगळं सामान जमिनीवर असतं, आणि झोपायला उरते ती त्याच्या मधली जागा.