तीन शर्यती आणि एक संसार

व्यायामाचें महत्त्व आमच्या वाचकांस नव्यानें पटवून द्यावें अशी स्थिति आतां राहिलेली नाहीं. अंगणांत सूर्यनमस्कार घालणाऱ्या पिढीच्या जागीं, पहांटे धांवावयास जाणारी, सायकलीवर कोस-कोस फिरणारी व मनगटावरील घड्याळांत आपल्या हृदयाचे ठोके मोजणारी पिढी घरोघर उभी राहिली आहे. परंतु असा व्यायामी मनुष्य एकत्र कुटुंबांत राहत असेल, तर त्याच्या व्यायामाचा वेळ कोणाच्या खातीं खर्ची पडतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. गेल्या वर्षांत तो आमच्याच घरांत उपस्थित झाला, आणि आम्हीं त्यास प्रथम दिलेलें उत्तर चुकीचें होतें असें पुढें आढळून आलें. म्हणून ह्या महिन्यांत त्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील मुरुम ह्या गांवीं आमचें अकरा माणसांचें घर आहे. त्यांत आमचा पुतण्या, वय वर्षें अडतीस, शिक्षकाची नोकरी, पदरीं दोन मुलें. गेल्या दिवाळींत फराळाच्या वेळीं त्यानें सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, आपण गोव्याच्या ट्रायथ्लॉनमध्यें उतरणार. हा शब्द आमच्यापैकीं अनेकांस नवा होता. ही म्हणजे एकीस एक जोडलेल्या तीन शर्यती. समुद्रांत १.९ किलोमीटर पोहावयाचें, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि ती ठेवतांच २१.१ किलोमीटर धांवावयाचें; व हें सारें साडेआठ तासांच्या आंत. गोव्यांत ही शर्यत प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजीं पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. एवढें करूनहि ही अर्धीच! ‘आयर्नमॅन’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुऱ्या शर्यतीचीं अंतरें हिच्या दुप्पट असून तिला मुदत सतरा तासांची असते. हें ऐकून आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातुःश्री, एवढेंच म्हणाल्या, “घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें!” आम्हीहि हंसलों, आणि विषय तेथेंच राहिला.

ह्या शर्यतीचा जन्म कसा झाला तें येथें सांगितलें पाहिजे, कारण पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे. अमेरिकन नौदलांतील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी हे हवाई बेटांतील ओआहू येथें राहत असतां, पोहणारा, सायकलवाला व धांवणारा ह्यांत खरा दमदार कोण, असा वाद तेथील खेळाडूंत निघाला. त्या बेटावर लांब पोहण्याची एक, बेटास वळसा घालणारी सायकलीची एक व मॅरेथॉन धांवण्याची एक अशा तीन निरनिराळ्या शर्यती अगोदरपासून होत असत. त्या एकाच दिवसांत ओळीनें कराव्या, म्हणजे वादाचा निकाल लागेल, अशी युक्ति निघाली. आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण निघाले, त्यांपैकीं बारा पोहोंचले. गॉर्डन हॉलर हे ११ तास ४६ मिनिटांत पहिले आले. परंतु आम्हांस त्यांच्यापेक्षां दुसऱ्या आलेल्या जॉन डनबर ह्यांची गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. त्या वर्षीं प्रत्येकानें आपले मदतनीस आपणच आणावयाचे होते. डनबर पुढें असतां त्यांच्या मदतनीसांजवळील पाणी संपलें, आणि त्यांनीं हातीं होती ती बिअर त्यांस पाजली! शर्यत एकाच्या नांवावर लागते खरी. पण पाण्याचें भांडें दुसऱ्याच्या हातांत असतें.

महाराष्ट्रांतील माणसांनींहि ह्या क्षेत्रांत नांव मिळविलें आहे. मिलिंद सोमण ह्यांनीं २०१५ सालीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, स्वित्झर्लंडमधील झुरिच येथें पुरी आयर्नमॅन शर्यत १५ तास १९ मिनिटांत पार पाडली. त्याच वर्षीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत दोघांनीं मिळून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. ती ट्रायथ्लॉन नव्हे. पण वैद्यकी सांभाळून असें साहस करतां येतें, हें तिनें दाखविलें. हीं उदाहरणें पुतण्याच्या तोंडीं नेहमीं असत.

मुरुमांत राहून समुद्रांत पोहण्याची तयारी करावयाची, ह्यांतच निम्मी अडचण होती. आमची पिढी पोहावयास शिकली ती पाठीस वाळका भोपळा बांधून विहिरींत. विहिरीनें पाण्याची भीति जाते. पण चार हात मारले कीं समोर कांठ येतो, त्यामुळें एकसारखें अंतर तोडण्याची संवय लागत नाहीं. समुद्रांत तर तळ दिसत नाहीं, लाट तोंडावर येते, आणि थोड्या थोड्या वेळानें मान वर करून पुढली खूण पाहिली नाहीं तर मनुष्य भलतीकडे जातो. म्हणून दर रविवारीं सोलापूरच्या पोहण्याच्या तलावावर जाणें त्यास भाग पडलें, आणि त्यांत अर्धा दिवस मोडूं लागला. सायकलीसाठीं सोलापूर-हैदराबाद हमरस्ता सोयीचा दिसतो, पण मालमोटारींच्या वर्दळीमुळें त्यानें आळंदच्या बाजूचे लहान रस्ते पत्करले. धांवण्याची मात्र चैन होती. आमच्या गांवाचें नांव आणि रस्त्यावर टाकावयाच्या त्या तांबूस भुसभुशीत दगडाचें नांव एकच. आणि मुरुम पसरलेल्या शेतरस्त्यावर धांवणें पायांस डांबरापेक्षां पुष्कळच मऊ लागतें.

ज्या वाचकांच्या घरीं असा कोणी उमेदवार असेल, त्यांच्याकरितां कांहीं गोष्टी येथें नमूद करतों. चाळिशीच्या आसपास असलेल्यानें, विशेषतः घराण्यांत हृद्रोग असल्यास, आरंभापूर्वीं डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. श्रम हळूहळू वाढवावे व दर तीन आठवड्यांनीं एक आठवडा हलका ठेवावा. शरीर बळावतें तें विश्रांतींत, श्रमांत नव्हे. सायकलीवरून उतरतांच धांवण्याची वेगळी संवय करावी लागते, कारण त्या वेळीं पाय परक्याचे असल्यासारखे जड होतात. दीर्घ श्रमांत ताशीं ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अथवा शर्करायुक्त अन्न पोटांत जावें. त्यासाठीं केळें, गूळ, खजूर हे आपले जुने पदार्थहि उपयोगीं पडतात. मात्र जें खावयाचें त्याची आधीं संवय असावी. शर्यतीच्या दिवशीं नवीन प्रयोग करूं नये. घाम पुष्कळ जात असतां नुसतें पाणीच भरमसाट प्याल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून जिवावर बेततें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आणि आमच्याकडील वैशाखांत सूर्य वर आल्यावर रस्त्यावर असूं नये, हें सांगावयास नकोच.

ह्या वैशाखांतच ती गोष्ट घडली. आमचे ज्येष्ठ बंधु, म्हणजे पुतण्याचे वडील, ह्यांच्या श्राद्धाची तिथि होती. पुतण्या पहांटे चार वाजतां सायकलीवर निघाला. नऊपर्यंत परत येतों, असें सांगून गेला. दहा वाजले, अकरा वाजले. फोन लागेना. गुरुजी येऊन बसले, पानांची तयारी झाली आणि कर्ता मुलगाच घरीं नाहीं! पुढें कळलें कीं, त्याची सायकल दोनदां पंक्चर झाली, जवळची जादा नळी एकच होती, आणि फोनची बॅटरीहि संपली होती. तो दीड वाजतां एका दूधवाल्याच्या मोटारसायकलीवरून आला. अपराह्णकाळ टळला नव्हता, म्हणून कर्म पार पडलें. पण त्यापूर्वींच व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. वहिनींना मधुमेह आहे. दुपारीं वेळेवर जेवण होईल ह्या भरंवशावर त्यांनीं सकाळची गोळी घेतली होती, आणि पतीच्या श्राद्धाच्या दिवशीं आधीं कांहीं खाण्यास त्या तयार नव्हत्या. साडेबाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. घरांत दहा माणसें असून आम्ही सर्व बघत राहिलों. सूनबाईंनीं मात्र धांवत जाऊन साखरेचें पाणी आणलें व घोट घोट करून पाजलें, तेव्हां त्या सांवरल्या. रक्तांतील साखर उतरली होती. आणखी थोडा उशीर होता तर काय झालें असतें, ह्याची कल्पना करवत नाहीं.

रात्रीं आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें निकाल दिला: सायकल माळ्यावर जाईल व गोव्याचें नांव ह्या घरांत पुन्हां निघणार नाहीं. पुतण्या खालीं मान घालून बसला होता. तेव्हां सूनबाई आंतून दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आल्या. तिच्या मागल्या पानांवर त्यांनीं गेल्या पांच महिन्यांचा एक निराळाच हिशेब लिहिला होता. आठवड्याचे अकरा तास व्यायामास जात. आणि त्या प्रत्येक तासासमोर तो कोणी भरून काढला तें लिहिलें होतें. मुलांचे डबे, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, घामट कपडे, रविवारचा बाजार. बहुतेक ओळींपुढें एकच अक्षर होतें, आणि तें त्यांच्या स्वतःच्या नांवाचें.

आम्हांस वाटलें, ही तक्रार आहे. पण त्या म्हणाल्या, “काका, हें बंद करावें म्हणून मी लिहिलें नाहीं. मामंजी अठ्ठावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. ह्यांच्या मनांत तेंच वय बसलें आहे. बोलत नाहींत इतकेंच. पहिल्या दिवसापूर्वीं सोलापुरास जाऊन सर्व तपासण्या करून आले, तेंहि कोणास सांगितलें नाहीं. बंद करूं नका. हिशेब मांडा, म्हणजे झालें.”

ज्या भावाचें श्राद्ध आम्हीं त्या दिवशीं केलें, त्याच्याच मरणाच्या धास्तीनें त्याचा मुलगा पहांटे घराबाहेर पडत होता, हें आमच्या ध्यानींमनींहि नव्हतें. आम्हीं निकाल मागें घेतला.

दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं बसून व्यवस्था ठरविली. भिंतीवरील दिनदर्शिकेंत घरच्या तिथि, सण, परीक्षा व औषधपाण्याचे दिवस लाल शाईनें आधीं भरावयाचे. व्यायाम हिरव्या शाईनें, उरलेल्या जागेंत. आठवड्यांतून तीन दिवस मुलांचे डबे पुतण्यानें करावयाचे, आपले कपडे आपण धुवावयाचे, आणि आईच्या गोळ्यांची जबाबदारी त्याची. सायकल एका स्टँडवर चढवून ओसरीवर ठेवली आहे. तिच्यावर पाय मारीत तो मुलांकडून पाढे म्हणवून घेतो. रविवारीं सोलापुरास थोरला मुलगा बरोबर जातो व तोहि पोहावयास शिकूं लागला आहे. अशा रीतीनें अकरा तासांपैकीं निदान चार तास घरच्यांच्या संगतींत जाऊं लागले.

शेवटीं सूनबाई म्हणाल्या, “मंगळवारीं व शुक्रवारीं सायंकाळीं सहा ते आठ मी घरांत नाहीं असें धरावें.” आम्हीं सहज विचारलें, “म्हणजे तूं काय करणार?” त्या शांतपणें म्हणाल्या, “काका, ह्यांनीं गोव्याचें सांगितलें, विचारलें नव्हतें. मीहि सांगतेंच आहें.” आम्ही निरुत्तर झालों. कर्तृत्वाची हौस पुरविण्यास घरांतील पुरुषास वेळ लागतो हें आपण चटकन् मान्य करतों. पण सुनेनें दोन तास मागितले कीं आपणांस आधीं कारण हवें असतें. ही खोड आमच्यांत इतकी मुरली होती, हें आम्हांस त्या संध्याकाळीं कळलें. त्या दोन तासांत सूनबाई कधीं वाचनालयांत जातात, कधीं गच्चीवर पुस्तक घेऊन बसतात, तर कधीं दार लावून निजतात. आतां आम्ही विचारीत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी असा मोठा संकल्प केला असेल, मग तो शर्यतीचा असो, परीक्षेचा असो वा गाण्याचा, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्याला हंसूं नये आणि त्याचा खर्च झांकूनहि ठेवूं नये. वेळ मागून घ्यावा, उसना म्हणून लिहून ठेवावा आणि फेडावा. न मागतां घेतलेला वेळ कोठें तरी कोणाच्या तरी अंगावर येतोच. आमच्या घरीं तो वहिनींच्या जिवावर आला होता.

शर्यतीस अद्याप तीन महिने आहेत. पुतण्या मुदतींत पोहोंचेल कीं नाहीं तें पाहावयाचें. वहिनींनीं मात्र गोव्यास जावयाचें ठरविलें आहे. मुलास वाटेंत पाणी देण्यासाठीं म्हणून त्यांनीं एक नवी बाटलीहि आणविली. तेथें बाहेरच्या माणसानें कांहीं देण्यास मनाई आहे, पाण्याची व्यवस्था शर्यतवालेच करतात, असें त्यानें दोनदां समजावून सांगितलें. “बरें तर,” त्या म्हणाल्या, “मी नुसती उभी राहीन. कोठें उभें राहावयाचें तेवढें सांगून ठेव.”